प्रस्तावना : पैसे कोणाच्या हातात?

'काँट्रा', 'मारिओ' किंवा 'मुस्तफा' खेळायला आज कोणालाही पैसे लागत नाहीत. हे खेळ संगणकावर किंवा मोबाइलवर चालवणारे इम्युलेटर फुकट मिळतात आणि त्यांतले उत्तमोत्तमही फुकटच आहेत. तरीही त्या फुकटच्या इम्युलेटरला जोडायच्या एखाद्या ॲडॉनसाठी, खेळांची यादी देखणी मांडून देणाऱ्या एखाद्या ॲपसाठी, नाही तर त्याच इम्युलेटरच्या 'गोल्ड' आवृत्तीसाठी खिशातून पैसे काढणारी माणसे अकोल्याच्या जुन्या शहरात आहेत. डाबकी रोडवर आहेत, हरिहर पेठेत आहेत, सकाळी मोर्णेचा पूल ओलांडून टिळक रोडवर दुकान उघडायला जाणाऱ्यांतही आहेत. खेळ फुकट, तो चालवणारे सॉफ्टवेअर फुकट, मग पैसे कशाचे? घरच्यांचा हा प्रश्न साधा आहे, पण उत्तर देताना भलेभले अडखळतात. या संग्रहात वापरणाऱ्यांनीच आपापली उत्तरे लिहून काढली आहेत.

ती वाचताना मला पटलेली गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. ॲडॉन महाग की स्वस्त, हा प्रश्न दुय्यम आहे. आपले पैसे काम करणाऱ्याच्या हातात पडले, की त्याचे काम नव्या वेष्टनात घालून विकणाऱ्याच्या, हा पहिला प्रश्न. या क्षेत्रातले बहुतेक समाधान आणि बहुतेक पश्चात्ताप या एका प्रश्नाशी येऊन थांबतात.

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी हवी. इम्युलेटर म्हणजे एका यंत्रावर दुसऱ्या यंत्राची हुबेहूब वागणूक उभी करणारे सॉफ्टवेअर. निन्टेन्डो कंपनीचा फॅमिकॉम १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये विक्रीला आला. त्यात ८ बिटांचा प्रोसेसर होता, अवघी २ किलोबाइट मुख्य मेमरी होती आणि पडद्यावर २५६ बाय २४० ठिपक्यांचे चित्र उमटत असे. हा प्रोसेसर, चित्र काढणारी चिप आणि आवाज काढणारा भाग कोणत्या क्षणी काय करतो, ते सगळे इम्युलेटर प्रोग्रामच्या रूपाने पुन्हा घडवून आणतो. कॅसेटमधला खेळ फाइलच्या रूपात उतरवून घेतला की त्या फाइलला रॉम म्हणतात. इम्युलेटर आणि रॉम या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे पहिल्याच पानावर ध्यानात ठेवावे. इम्युलेटर लिहिणारा स्वतःची अक्कल खर्च करतो. रॉमवरचा हक्क मात्र खेळ बनवणाऱ्या कंपनीचाच राहतो. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम ५२ने सॉफ्टवेअर कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला राखीव प्रत काढण्याची मुभा दिली आहे. एक सॉफ्टवेअर दुसऱ्याशी जुळवून घेण्यासाठी आवश्यक ती माहिती मिळवण्याची मुभाही त्याच कलमात आहे. कोणाचीही रॉम कोणालाही वाटण्याची मुभा त्यात नाही.

या संग्रहात ॲडॉन हा शब्द ऐसपैस घेतला आहे. चित्र आणि आवाज बदलणारी साधने ही त्याची पहिली जात. फिल्टर, शेडर, सपाट खेळाला त्रिमितीत उभे करणारी सॉफ्टवेअरे यात येतात. शेकडो खेळ मुखपृष्ठांसह, सनावळीसह नीट लावून देणारे फ्रंटएंड ही दुसरी. मोबाइलवर पैसे भरून घ्यायची इम्युलेटरची 'प्रो' किंवा 'गोल्ड' आवृत्ती ही तिसरी. आणि मासिक वर्गणी भरणाऱ्याला नवी आवृत्ती इतरांच्या आधी देणारी व्यवस्था ही चौथी. चारही ठिकाणी पैसे जातात. मोबदल्यात पदरात पडणारी वस्तू मात्र चारही ठिकाणी निराळी असते.

वऱ्हाडात हे खेळ आले तेच नकलेच्या रूपाने. फॅमिकॉमच्या आतले सर्किट तैवान आणि चीनमधल्या कारखान्यांनी उतरवून घेतले आणि त्यावर बेतलेले स्वस्त डबे नव्वदच्या दशकात 'मीडिया', 'लिटल मास्टर' अशा नावांनी आपल्याकडे आले. आपण त्याला व्हिडिओ गेम किंवा टीव्ही गेम म्हणालो. कार्ट्रिजला सगळीकडे कॅसेट म्हणत. एका कॅसेटवर '९९९९ इन १' लिहिलेले असे आणि यादी संपेस्तोवर तेच दहावीस खेळ वेगवेगळ्या नावांनी पुन्हा पुन्हा येत. कॅसेट लागली नाही की काढायची, खालच्या पट्टीत फुंकर मारायची आणि पुन्हा बसवायची, हे ज्ञान शाळेत न शिकवताही प्रत्येक पोट्ट्याला होते. पार्लरमधल्या उभ्या मशीनवर कॅपकॉमचा १९९३चा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' असे. त्यातल्या पिवळ्या टोपीवाल्या मुस्तफावरून साऱ्या देशाने त्या खेळाचेच नाव 'मुस्तफा' करून टाकले. कंपनीचे नाव कोणाला ठाऊक नव्हते आणि ठाऊक असण्याची कोणाला गरजही वाटली नाही.

या इतिहासाचा आजच्या ॲडॉनशी थेट संबंध आहे. त्यातली एक बाब जवळून पाहण्यासारखी आहे. आपला टीव्ही पाल पद्धतीचा, सेकंदाला ५० वेळा चित्र ताजे करणारा. जपान आणि अमेरिकेतला टीव्ही ६० वेळा करणारा. त्या काळचे खेळ आपली चाल चित्राच्या ठेक्यावरच ठरवत. त्यामुळे पाल टीव्हीसाठी बनवलेल्या नकली डब्यांवर तोच खेळ सुमारे एक षष्ठांशाने हळू चाले. आपल्या बोटांना 'काँट्रा'तली उडी पाठ झाली ती या हळू ठेक्यावर. आज तोच खेळ इम्युलेटरवर मूळ वेगाने सुरू झाला की खेळणारा म्हणतो, 'हे पळून राह्यलं ना बाप्पा!' त्याला वाटते इम्युलेटर बिघडला आहे. मग तो सेटिंग शोधतो, ॲडॉन शोधतो, प्रसंगी पैसे भरायलाही तयार होतो. खरे तर मेसेन आणि एफसीईयूएक्स या फुकटच्या इम्युलेटरमध्ये 'डेंडी' नावाची निवड आहे. १९९२मध्ये रशियात विकायला आलेल्या अशाच एका नकली डब्यावरून ते नाव पडले. ती निवड केली की चित्राचा ठेका ५०वर येतो आणि आवाजाची पट्टी बहुतांशी जागेवर राहते. आपल्या आठवणीतला खेळ मिळवायला इथे एक पैसाही लागत नाही. हे सांगणारा माणूस मात्र भेटावा लागतो. अनुभव लिहून ठेवण्याची गरज नेमकी इथे आहे.

दुसरी बाब विजेची. भारनियमनाच्या वर्षांत अकोल्यात लाइन कधी जाईल याचा नेम नसे. 'काँट्रा'त खेळ जपून ठेवण्याची सोयच नव्हती. सातव्या स्टेजला पोचलेला खेळ लाइन गेली की पहिल्या स्टेजला. इम्युलेटरने दिलेली सगळ्यात मोठी देणगी म्हणजे सेव्ह स्टेट, अर्थात खेळ चालू असताना यंत्राची त्या क्षणाची संपूर्ण अवस्था फाइलमध्ये उतरवून ठेवणे. एप्रिल १९९७मध्ये आलेल्या 'नेस्टिकल' या फुकटच्या इम्युलेटरमध्ये ही सोय होती. आमच्याकडे तिचे मोल जितके, तितके चोवीस तास वीज असलेल्या गावात वाटले नसेल. आजही मोबाइलवरच्या विकतच्या आवृत्त्यांत लोक सर्वांत आधी काय तपासतात, तर सेव्ह केलेला खेळ दुसऱ्या फोनवर जातो का आणि फोन बंद पडला तर तो हाती राहतो का.

जगाच्या पातळीवर या क्षेत्राची घडण तीन टप्प्यांत झाली. पहिला टप्पा हौशी माणसांचा. १९९६मध्ये मरात फैझुलिन यांच्या आय-नेस या इम्युलेटरने फॅमिकॉमच्या रॉमची जी मांडणी ठरवली ती आजही प्रमाण मानली जाते. ५ फेब्रुवारी १९९७ रोजी इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी पार्लरमधल्या मशीनसाठी 'मेम' हा इम्युलेटर प्रसिद्ध केला. जुन्या यंत्रांची नोंद टिकावी हे त्याचे घोषित ध्येय होते, खेळता येणे हा त्याचा जोडलाभ. १९९८मध्ये प्लेस्टेशनच्या 'पीएसइमू प्रो'ने प्लगइनची पद्धत आणली. चित्राचा एक तुकडा, आवाजाचा दुसरा, कंट्रोलरचा तिसरा, आणि प्रत्येक तुकडा वेगळ्या माणसाने लिहिलेला. ॲडॉन ही कल्पना खऱ्या अर्थाने इथे रुजली. पुढे २०००मध्ये आलेल्या 'ईपीएसएक्सई'सोबत पीट बर्नर्ट यांची चित्राची प्लगइन जगभर वापरली गेली. तीही फुकटच होती.

दुसरा टप्पा धंद्याचा आणि कोर्टाचा. जानेवारी १९९९मध्ये कनेक्टिक्स कंपनीने मॅक संगणकावर प्लेस्टेशनचे खेळ चालवणारे 'व्हर्च्युअल गेम स्टेशन' ४९ डॉलरला बाजारात आणले. त्याच वर्षी त्याच धर्तीचे 'ब्लीम' आले. सोनीने दोघांवर दावे ठोकले. फेब्रुवारी २०००मध्ये अमेरिकेच्या नवव्या सर्किट न्यायालयाने कनेक्टिक्सच्या बाजूने निकाल दिला. यंत्र कसे चालते हे समजून घेण्यासाठी त्याच्या सॉफ्टवेअरची मधली प्रत काढणे रास्त वापरात बसते, असा त्याचा आशय. इम्युलेटर लिहिणाऱ्या प्रत्येकाला तो निकाल आजही आधाराचा वाटतो. पण कायदा जिंकूनही धंदा हरला. २००१मध्ये सोनीने 'व्हर्च्युअल गेम स्टेशन' विकत घेऊन बंद केले आणि कोर्टाच्या खर्चाने खंगलेल्या 'ब्लीम'नेही त्याच वर्षी दुकान आवरले. जाता जाता 'ब्लीम'ने एक प्रयोग केला, तो आपल्या विषयाच्या अगदी मुळाशी आहे. सेगाच्या ड्रीमकास्टवर 'ग्रान टुरिस्मो २', 'टेकन ३' आणि 'मेटल गिअर सॉलिड' हे प्लेस्टेशनचे तीन खेळ अधिक सुबक चित्रासह चालावेत म्हणून त्यांनी प्रत्येक खेळासाठी वेगळी डिस्क विकली. खेळ तुमचा, तो सुधारून चालवण्याचे पैसे आमचे, हा व्यवहार तेव्हाच मांडला गेला होता.

तिसरा टप्पा मोबाइलचा आणि वर्गणीचा. नोव्हेंबर २०१२मध्ये हेन्रिक रिडगॉर्ड यांनी 'पीपीएसएसपीपी' हा इम्युलेटर आणला. त्याचा स्रोत खुला आहे, फुकट आवृत्ती पूर्ण आहे आणि विकतची 'गोल्ड' आवृत्ती घेतली म्हणून खेळ अधिक वेगाने चालत नाही. पैसे भरणारा त्या कामाला हातभार लावतो, एवढेच. २०१३मध्ये 'ड्रॅस्टिक' अँड्रॉइडवर आला. हलक्या फोनवरही निन्टेन्डो डीएसचे खेळ नीट चालत, म्हणून लोकांनी तो आनंदाने विकत घेतला. मार्च २०२४मध्ये तो फुकट झाला. त्याच काळात संगणकावर 'लाँचबॉक्स' हा फ्रंटएंड वाढला. साधी मांडणी फुकट, टीव्हीवर ऐटीत दिसणारा 'बिग बॉक्स' मात्र परवाना घेतल्यावर. परवानाही दोन प्रकारचा, एका वर्षाच्या सुधारणांचा किंवा कायमचा. 'ईएस-डीई' हा दुसरा फ्रंटएंड संगणकावर फुकट आणि अँड्रॉइडवर विकत आहे.

या साऱ्या धडपडीत आज ठळकपणे काही घराणी दिसतात. वेगाच्या घराण्याचे म्हणणे असे की खेळ हाताशी असलेल्या फोनवर सुरळीत चालला पाहिजे, आतली नक्कल थोडी ढिली असली तरी चालेल. आपल्याकडचे बहुसंख्य लोक, कळत नकळत, याच घराण्याचे. त्याच्या समोर अचूकतेचे घराणे उभे आहे. 'नीअर' या नावाने लिहिणाऱ्या प्रोग्रामरने २००४पासून 'बीस्नेस' हा इम्युलेटर घडवला आणि सुपर निन्टेन्डोसारख्या जुन्या यंत्राची काटेकोर नक्कल करायला ३ गिगाहर्ट्झचा संगणक लागतो, हे २०११मध्ये सविस्तर मांडले. त्या यंत्राचा प्रत्येक ठोका जपण्यासाठी या माणसाने वर्षे दिली. २०२१मध्ये नीअर गेले. त्यांचे काम आजही सर्वांसाठी खुले आहे.

तिसरे घराणे पडद्याचे. जुन्या खेळांतले चित्रकार काचेच्या (सीआरटी) टीव्हीला धरून चित्र काढत. १९९१च्या 'सॉनिक'मधला धबधबा हे त्याचे उत्तम उदाहरण. सेगाच्या यंत्राला अर्धपारदर्शक रंग दाखवता येत नव्हता. म्हणून चित्रकारांनी एकाआड एक उभ्या रेघा काढल्या. जुन्या टीव्हीची वायर आणि काच त्या रेघा एकमेकींत मिसळून टाकत आणि पाणी पारदर्शक दिसे. आजच्या एलईडी पडद्यावर त्याच रेघा गजांसारख्या उभ्या राहतात. सीआरटी शेडर तो मिसळलेपणा परत आणतो. एकदा हा फरक डोळ्यांनी पाहिला की शेडरवर लोक एवढे जीव का टाकतात ते कळते. 'सीआरटी-रॉयल'सारखे फार चांगले शेडर 'रेट्रोआर्क' या सॉफ्टवेअरमध्ये फुकट आहेत, हेही त्याच दमात सांगायला हवे.

चौथे घराणे कायापालटाचे. व्हिएतनाममधल्या एका प्रोग्रामरने 'थ्रीडीसेन' हे सॉफ्टवेअर घडवले. फॅमिकॉमचा सपाट खेळ त्यात त्रिमितीत उभा राहतो. स्टीम या ऑनलाइन दुकानात ते पैसे भरून मिळते, रॉम तुमची तुम्ही आणायची. ते निवडक खेळांनाच चालते, कारण कोणता ठिपका पुढे, कोणता मागे, पाइप गोल की चौकोनी, हे प्रत्येक खेळासाठी हाताने ठरवावे लागते. पाचवे घराणे सॉफ्टवेअर सोडून हार्डवेअरकडे वळले. २०१७पासूनचा 'मिस्टर' हा प्रकल्प आतली जोडणी बदलता येणाऱ्या एफपीजीए चिपवर जुने यंत्रच पुन्हा जुळवतो. त्यातले काही प्रोग्रामर पार्लरच्या मशीनचे नवे कोअर, म्हणजे त्या मशीनची चिपवरची मांडणी, आधी वर्गणीदारांना देतात आणि नंतर सर्वांना.

आता पैशांचा प्रश्न या घराण्यांना लावून पाहू. कापड आपण दिले तरी शिलाई शिंप्याला द्यावीच लागते, आणि ती देताना कोणी कुरकुरत नाही. ॲडॉनचे पैसे ही शिलाई आहे. 'थ्रीडीसेन'मध्ये एका एका खेळावर घातलेले तास स्पष्ट दिसतात, म्हणून ती शिलाई रास्त वाटते. 'पीपीएसएसपीपी गोल्ड'मध्ये जास्तीचे काही मिळत नाही, तरी लिहिणारा कोण आणि पैसे कुठे जातात हे उघड असल्याने भरणारा नाराज होत नाही. राग येतो तो तिसऱ्याच ठिकाणी. फुकट, खुल्या स्रोताचा इम्युलेटर उचलायचा, त्यावर नवे नाव आणि भडक चिन्ह चिकटवायचे, मध्ये जाहिराती घालायच्या आणि जाहिराती काढायचे पैसे मागायचे, असा उद्योग ॲपच्या दुकानांत सर्रास चालतो. हजारो खेळ भरून विकले जाणारे स्वस्त हातगेमही याच जातीचे. 'स्नेस-नाइन-एक्स' या इम्युलेटरच्या परवान्यात व्यापारी वापराला मनाई आहे, तरी असल्या वस्तूंत तो सर्रास सापडतो. घेणाऱ्याने पैसे मोजलेले असतात, पण इम्युलेटर लिहिणाऱ्याला त्यातला छदामही मिळत नाही. आणि कापडाचे काय? रॉम वाटेल तिथून उचललेली असेल तर ते कापडही आपले नव्हे, हे या संग्रहातल्या लेखकांनी टाळलेले नाही. शिलाई दिली म्हणून कापड आपले होत नाही.

उलट बाजूही पाहिली पाहिजे. 'एथरएसएक्स-टू' हा प्लेस्टेशन २चा इम्युलेटर अँड्रॉइडवर फुकट होता. जानेवारी २०२३मध्ये तो लिहिणाऱ्याने काम थांबवले. तोतयेगिरी, सतत तक्रारी आणि जिवे मारण्याच्या धमक्या ही कारणे त्याने दिली. फुकट वस्तूसाठी शिव्या घालणारे गिऱ्हाईक कोणत्याही कारागिराला पळवून लावते. वर्गणीच्या वाटेवरही खड्डे आहेत. 'यूझू' हा तेव्हा चालू पिढीच्या असलेल्या स्विच यंत्राचा इम्युलेटर वर्गणीदारांना आगाऊ आवृत्ती देत असे. फेब्रुवारी २०२४मध्ये निन्टेन्डोने दावा केला, त्यात या वर्गणीच्या उत्पन्नावर बोट ठेवले आणि आठवडाभरातच २४ लाख डॉलर देऊन तो प्रकल्प बंद झाला. बाजारात असलेल्या यंत्राची नक्कल आणि पडद्याआड गेलेल्या यंत्राची नक्कल यांच्यात व्यवहाराच्या दृष्टीने किती अंतर आहे, हे त्या आठवड्याने सगळ्यांना दाखवले.

हा विषय आजच लिहून का ठेवावा, याची कारणे याच काही वर्षांत घडली आहेत. २०२३मध्ये अमेरिकेच्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने केलेल्या अभ्यासात असे आढळले की तिथे २०१०पूर्वी प्रसिद्ध झालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के आज कायदेशीरपणे विकतच मिळत नाहीत. म्हणजे पैसे देऊन खेळ घ्यायचा म्हटले तरी बहुतेक दारे बंद आहेत. एप्रिल २०२४मध्ये ॲपलने आपल्या दुकानात जुन्या खेळांच्या इम्युलेटरना परवानगी दिली आणि 'डेल्टा' हा इम्युलेटर लगोलग आला. जे काम हौशी लोकांच्या कोपऱ्यात चालत होते ते अँड्रॉइड आणि ॲपल अशा दोन्ही मोठ्या दुकानांच्या दर्शनी भागात आले. गर्दी वाढली की चांगला माल आणि खोटा माल दोन्ही वाढतात.

आपल्याकडची कारणे याहून जवळची आहेत. जिओनंतर, म्हणजे २०१६पासून, डेटा स्वस्त झाला आणि यूपीआयने छोटी रक्कम भरणे सोपे केले. ज्या घरात संगणक कधी आला नाही त्या घरात इम्युलेटर फोनवरून पोचला. तरी परदेशी वर्गणीचा रस्ता अवघडच राहिला. ऑक्टोबर २०२०पासून नवे डेबिट कार्ड परदेशी व्यवहारासाठी आपण सांगेपर्यंत बंदच असते. १ ऑक्टोबर २०२१पासून दरमहा आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमांवर रिझर्व्ह बँकेचे नवे नियम लागू झाले आणि परदेशी वर्गण्या धडाधड नाकारल्या जाऊ लागल्या. ग्राहकाच्या संरक्षणासाठी हे नियम रास्तच आहेत. पण जुन्या शहरातल्या माणसाला, पैसे द्यायची इच्छा असूनही, काम करणाऱ्यापर्यंत ते सहज पोचवता येत नाहीत आणि खोटे ॲप विकणाऱ्यापर्यंत मात्र एका क्यूआर कोडने पोचतात, हेही या व्यवहाराचे सत्य आहे. ते कुठेतरी नोंदवले जायला हवे होते. इथे ते नोंदवले आहे.

मे महिन्यातला अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तोही या विषयातला घटक आहे. जड शेडर लावला की फोनच्या चित्र-चिपवर ताण येतो, फोन तापतो, तापलेला फोन स्वतःचा वेग कमी करतो, खेळ अडखळतो आणि सर्वांत आधी आवाज फाटू लागतो. डिसेंबरात समाधानाने घेतलेला ॲडॉन मे महिन्यात नकोसा होतो. परदेशात बसून लिहिलेल्या कोणत्याही परीक्षणात ही गोष्ट सापडणार नाही. तसेच बटनाच्या विलंबाचे. टीव्ही, ब्ल्यूटूथ कंट्रोलर आणि फिल्टर यांचा थोडाथोडा उशीर साचत जातो आणि 'काँट्रा'तला गडी उडी मारायच्या आतच मरतो. दोष इम्युलेटरचा नसून साखळीतल्या दुसऱ्याच कडीचा असतो. 'रेट्रोआर्क'मधली 'रन-अहेड' ही सोय त्यातला काही भाग भरून काढते आणि तीही फुकट आहे. नवे काही विकत घेण्याआधी टीव्हीचा 'गेम मोड' सुरू करून पाहावा, हा सल्ला देणाऱ्याने किती घरांचे पैसे वाचवले असतील!

हा संग्रह अशा वापरणाऱ्यांचे म्हणणे एकत्र आणतो. हे परीक्षणांचे पुस्तक नाही आणि कोणत्या ॲडॉनला किती तारे, असा निवाडा त्यात नाही. आवृत्त्या बदलतात, किमती बदलतात, दुकाने बंद होतात. तारे वर्षभरात शिळे होतात. टिकतो तो अनुभवाचा क्रम: काय हवे होते, ते फुकट मिळते का हे तपासले का, पैसे कोणाला दिले, काय मिळाले, सहा महिन्यांनी काय उरले. प्रत्येक लेखकाने आपापल्या पद्धतीने हा क्रम धरला आहे. कोणी मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसून लिहिले आहे, कोणी पोरांना आपल्या लहानपणचा खेळ दाखवताना. त्यांची भाषा मुद्दाम तशीच ठेवली आहे. जिथे वऱ्हाडी आली तिथे ती पुसलेली नाही.

सर्व लेखकांचे एकमत झालेले नाही, हे चांगले आहे. फ्रंटएंडवर पैसे घालवणे म्हणजे रिकाम्या कपाटाला काच बसवणे, असे मानणारे यात आहेत. नीट लावलेला संग्रह पाहूनच खेळायची इच्छा होते, असे सांगणारेही आहेत. त्रिमितीचा 'मारिओ' पाहून हरखलेले आहेत आणि त्याने खेळाचा मूळ चेहरा मोडला असे वाटणारेही. कायमचा परवाना आणि वार्षिक परवाना यांत कोणता शहाणपणाचा, यावर तर उघड वाद आहे. एका वर्षानंतर तेच सॉफ्टवेअर जसे आहे तसे पुरत असेल तर वार्षिक परवाना फायद्याचा. दरवर्षी नव्या सुधारणा हव्या असणाऱ्याला कायमचा परवडतो. वाचकाने आपली गरज पाहून बाजू निवडावी.

माझ्यापुरते या लेखांतून काही नियम निघाले, ते नवख्यांसाठी इथे देतो. पैसे भरण्याआधी तेच काम फुकटच्या आवृत्तीत होते का ते पाहावे. ॲडॉन लिहिणाऱ्याचे नाव आणि त्याच्या कामाचा माग उघड आहे का, हे तपासावे. माग लागत नसेल तर पैसे खिशातच ठेवावेत. इंटरनेट बंद असताना ते चालते का, हे पहिल्याच दिवशी विमान मोडवर टाकून बघावे. परताव्याची मुदत लक्षात ठेवावी. स्टीमवर खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळले असेल तर पैसे परत मागता येतात, आणि तेवढ्या वेळात आपला संगणक ते पेलतो की नाही हे कळतेच. आणि एखादे साधन खरोखर आवडले, कामाला आले, तर ते बनवणाऱ्याला पैसे द्यावेत, फुकट मिळत असले तरी.

या शेवटच्या नियमावर माझा सगळ्यात जास्त भर आहे. ज्या पिढीने आयुष्यात एकही अस्सल कॅसेट घेतली नाही, ती पिढी आज कमावती झाली आहे. खेळाच्या कंपन्यांचे देणे आता फेडता येईल अशी सोय बहुतेक ठिकाणी उरलेली नाही. पण त्या खेळांना आजच्या पडद्यावर जिवंत ठेवणारी माणसे हयात आहेत, काम करत आहेत आणि बहुधा नोकरी सांभाळून रात्री करत आहेत. त्यांतल्या अनेकांना मराठी येत नाही, अकोला कुठे आहे हेही ठाऊक नाही. तरीही 'डेंडी'ची ती एक निवड कोणीतरी प्रोग्राममध्ये घालून ठेवली आणि तिने जुन्या शहरातल्या माणसाला त्याच्या बोटांना ठाऊक असलेला वेग परत दिला. अशा कामाची किंमत करायला शिकणे हा या पुस्तकाचा हेतू आहे. किंमत म्हणजे कधी पैसे, कधी नीट लिहून कळवलेला दोष, कधी मराठीत लिहिलेली चार पानांची माहिती. वाचून झाल्यावर आपलाही अनुभव लिहा. चांगला असेल तर लिहाच, फसवणुकीचा असेल तर आधी लिहा, म्हणजे पुढच्याचे पैसे योग्य हातात पडतील.